गाडीतलं सॉकेट कायम चालू की किल्लीवर: ओळख, निवड आणि बदल

डॅशकॅम बसवला, गाडी चार दिवस उभी राहिली आणि सेल्फ मारल्यावर नुसती टकटक ऐकू आली. किंवा याच्या उलट: बॅटरी मेंटेन करणारा छोटा चार्जर रात्रभर सॉकेटला लावून ठेवला आणि सकाळी बॅटरी होती तिथेच. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. त्या सॉकेटला वीज कधी मिळते आणि कधी तुटते, हे कुणी तपासलंच नव्हतं.

या कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी सॉकेट तपासायचं, मग उपकरणाचा हिशेब करायचा, मग काय हवं ते ठरवायचं आणि वायरला हात सगळ्यात शेवटी लावायचा. बहुतेक लोक वायरपासून सुरुवात करतात आणि तपासणी बॅटरी उतरल्यावर करतात. खालचे टप्पे १२ व्होल्टच्या गाड्यांसाठी आहेत. ट्रक आणि बसमध्ये सहसा २४ व्होल्टची यंत्रणा असते. तिथे उपकरणावर "१२–२४ व्होल्ट" असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते लावूच नका.

## तयारी

हाताशी ठेवा: डिजिटल मल्टिमीटर, बल्बचा टेस्ट लॅम्प, फ्यूज काढायचा प्लास्टिकचा चिमटा (पुष्कळदा फ्यूज बॉक्सच्या झाकणातच अडकवलेला असतो), गाडीचं मॅन्युअल आणि पॅनल उचकटायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. वायरिंग करायचं असेल तर चांगला क्रिंपर, हीट-श्रिंक नळी, कापडी टेप आणि केबल टायसुद्धा लागतील.

मीटर असताना टेस्ट लॅम्प कशाला, असं वाटेल. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरची एकच तार शिल्लक असली किंवा संपर्क गंजलेला असला तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. लॅम्प थोडा करंट ओढतो, त्यामुळे संपर्क फारच खराब असेल तर तो मंद लागतो किंवा लागतच नाही. सॉकेट आणि फ्यूज तपासायला दोन्ही वापरा.

सावधान: बल्बचा लॅम्प एअरबॅगच्या वायरींना (बहुधा पिवळे कनेक्टर) किंवा इंजिन कंट्रोलच्या वायरींना कधीही लावू नका. तो ओढतो तेवढा करंटसुद्धा तिथे धोक्याचा ठरू शकतो.

सुरुवात बॅटरीपासून करा. गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर व्होल्टेज मोजा. साधारण १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२.० च्या खाली असेल तर जवळपास रिकामी. इंजिन चालू केल्यावर सहसा १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. नव्या गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारं यंत्र) संगणकाच्या हुकमावर चालतो, त्यामुळे आकडा मधूनच खाली येतो. तो दोष नाही. पण उभ्या गाडीतच बॅटरी १२.२ वर असेल तर आधी ती पूर्ण चार्ज करा किंवा बदला, नाहीतर दुखणं बॅटरीचं असेल आणि तुम्ही सॉकेटला दोष देत बसाल.

## टप्पा १: सॉकेटचे प्रकार दोन नाहीत

"कायम चालू" आणि "किल्लीवर" अशी वाटणी बोलायला सोपी आहे, पण गाडीत प्रत्यक्षात पाच तऱ्हा सापडतात.

खरं कायम चालू सॉकेट फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडलेलं असतं. किल्ली कुठेही असो, वीज असतेच. जर्मन पद्धतीच्या वायरिंग नकाशात या लाइनला ३० हा क्रमांक असतो.

एसीसीवरचं (ॲक्सेसरी, म्हणजे रेडिओसारख्या जोड-उपकरणांच्या लाइनवरचं) सॉकेट किल्ली पहिल्या खाचेत फिरवली की चालू होतं. बटनाच्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटन एकदा दाबलं की सहसा ही स्थिती येते.

ऑनवरचं सॉकेट किल्ली पुढच्या खाचेत गेल्यावर, म्हणजे डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागल्यावर चालू होतं. जर्मन नकाशात ही १५ क्रमांकाची लाइन.

उशिरा बंद होणाऱ्या सॉकेटमध्ये किल्ली काढल्यावरही काही मिनिटं किंवा दार उघडेपर्यंत वीज राहते.

पाचवा प्रकार सगळ्यात फसवा. इथे वीज गाडीच्या बॉडी कंट्रोल मॉड्यूलच्या (दिवे, कुलपं वगैरे सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाच्या) ताब्यात असते. किल्ली काढल्यावर सॉकेट चालू राहतं, पण गाडी "झोपली", म्हणजे तिचे संगणक विश्रांतीत गेले, किंवा बॅटरी ठरावीक पातळीच्या खाली गेली की मॉड्यूल ते तोडतं. असं सॉकेट घाईघाईत तपासलं तर कायम चालू असल्याचंच दिसतं.

एका गाडीतली सगळी सॉकेट एकाच तऱ्हेची असतील असंही नाही. पुढचं एसीसीवर, आर्मरेस्टमधलं ऑनवर आणि डिकीतलं कायम चालू, अशी सरमिसळ नेहमी दिसते. प्रत्येक सॉकेट वेगळं तपासा. यूएसबी पोर्टही वेगळे तपासा. ते बहुधा किल्लीवर असतात, पण गृहीत धरू नका.

## टप्पा २: तपासणी, याच क्रमाने

१. आधी झाकण आणि मॅन्युअल बघा. क्रायस्लर, डॉज आणि जीपच्या काही मॉडेलांत सॉकेटवर किल्लीचं किंवा बॅटरीचं छोटं चित्र असतं. किल्ली म्हणजे इग्निशनवर, बॅटरी म्हणजे कायम चालू. मॅन्युअलमध्ये "पॉवर आउटलेट" आणि "फ्यूज" या दोन्ही प्रकरणांत शोधा. एकात सॉकेटची कमाल क्षमता मिळते, दुसऱ्यात फ्यूजचा क्रमांक.

२. किल्ली ऑन करून सॉकेट मोजा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल प्रोब सॉकेटच्या तळाशी मधोमध असलेल्या पत्र्याला आणि काळी प्रोब आतल्या बाजूच्या भिंतीला लावा. मधला भाग पॉझिटिव्ह, कडेचा निगेटिव्ह.

सावधान: सगळ्यात जास्त फ्यूज इथेच उडतात. लाल प्रोब तळावरून घसरली आणि तिचं धातूचं टोक एकाच वेळी मधल्या पत्र्याला आणि कडेच्या भिंतीला टेकलं की शॉर्ट होतो. आवाजही येत नाही, मीटरवर फक्त शून्य दिसतं आणि माणूस "हे सॉकेट बंदच आहे" अशी नोंद करून मोकळा होतो. प्रोबच्या टोकाचा पाच-सहा मिलिमीटर भाग सोडून बाकी धातू टेपने झाका, मग आत घाला.

३. किल्ली ऑफ, एसीसी, ऑन आणि इंजिन चालू, अशा चारही स्थितींत मोजून कागदावर लिहा. सेल्फ मारताना काय होतं तेही बघा. किल्लीवरच्या बऱ्याच सॉकेटची वीज त्या दोन सेकंदांत तुटते. डॅशकॅम किंवा जीपीएस दर वेळी नव्याने सुरू होतो तो यामुळे. तो बिघाड नाही.

४. आता खरी परीक्षा. दिवा असलेला साधा मोबाइल चार्जर सॉकेटमध्ये लावा, दिवा काचेतून बाहेरून दिसेल असा ठेवा. किल्ली काढा, दार उघडून बाहेर या, दार बंद करून गाडी लॉक करा. किल्ली गाडीपासून लांब न्या. कीलेस गाडीजवळ किल्ली राहिली तर काही गाड्या नीट झोपतच नाहीत.

५. काचेतून बघा: लॉक केल्यावर एका मिनिटाने, मग अर्ध्या तासाने, मग तासाभराने. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. दार उघडू नका. दार उघडलं की मॉड्यूल जागे होतात, सॉकेटही जागं होऊ शकतं, आणि तुम्ही बघता ती स्थिती रात्रभर नव्हतीच.

तपासणी: चार्जरचा दिवा वीज तुटल्यावरही काही सेकंद टिकतो, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये साठा असतो. किल्ली काढल्या काढल्या दिसलेल्या दिव्यावरून निष्कर्ष काढू नका. सकाळीही दिवा दिसला तर सॉकेट खरं कायम चालू. लगेच गेला तर किल्लीवर. काही मिनिटांनी किंवा दार उघडताच गेला तर उशिरा बंद होणारं. बऱ्याच वेळाने, गाडी झोपल्यावर गेला तर मॉड्यूलवरचं.

## टप्पा ३: उपकरणाचा हिशेब

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची गल्लत होते. पहिला: सॉकेट एका वेळी किती ओढ सोसेल? दुसरा: बॅटरी ही ओढ किती वेळ सोसेल?

पहिल्याचं उत्तर फ्यूजवर लिहिलेलं असतं. वॅटला १२ ने भागा, अँपिअर मिळतात. १२० वॅट म्हणजे १० अँपिअर, १८० वॅट म्हणजे १५. गाडीतल्या सॉकेटना सहसा १० ते २० अँपिअरचे फ्यूज असतात. मात्र सॉकेटवर "१२० वॅट" लिहिलं असेल आणि फ्यूज १५ चा असेल तर मर्यादा १२० वॅटचीच धरा. इन्व्हर्टर वापरणाऱ्यांनी त्याच्या आतला अपव्यय विसरू नये. १५० वॅटचं उपकरण इन्व्हर्टरवर चालवलं तर सॉकेटमधून १४–१५ अँपिअर जातात. म्हणजे १५ चा फ्यूज अगदी काठावर. एका सॉकेटची तीन करणारा स्प्लिटर लावला म्हणून क्षमता तिप्पट होत नाही, तिन्ही तोंडं एकाच फ्यूजवर असतात.

दुसऱ्या प्रश्नासाठी थोडी आकडेमोड. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी धरा. सेल्फपुरती ताकद राखायची आणि बॅटरीचं आयुष्यही जपायचं, तर निम्म्याहून जास्त वापरू नये. म्हणजे हाती सुमारे २२ अँपिअर-तास. गाडी स्वतः झोपेतही घड्याळ, अलार्म आणि किल्लीच्या रिसीव्हरसाठी साधारण २० ते ५० मिलिअँपिअर ओढते. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास. पार्किंग मोडमधला, म्हणजे गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग करणारा, डॅशकॅम २५० मिलिअँपिअर ओढत असेल तर दिवसाला आणखी ६. एकूण ७.२. म्हणजे तीन दिवसांत तुम्ही त्या निम्म्याच्या रेषेवर. बॅटरी जुनी असेल किंवा कडाक्याची थंडी असेल तर त्याआधीच.

आता छोटा फ्रिज. चालू असताना ४ अँपिअर आणि एकूण वेळेच्या तिसऱ्या भागात चालू, असं धरलं तरी दिवसाला ३२ अँपिअर-तास. एका दिवसाच्या आतच काम तमाम. उलट, नुसता लावून ठेवलेला मोबाइल चार्जर जेमतेम १०–२० मिलिअँपिअर ओढतो. त्याच्यामुळे बॅटरी उतरली असं कुणी सांगितलं तर आधी बॅटरीचं वय विचारा.

सावधान: "रोज गाडी चालवतो, चार्ज होतेच" हा भरवसा दहा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्यांना लागू नाही. सेल्फ मारताना आणि रात्रभरात गेलेलं तेवढ्यात पुरतं भरून निघत नाही.

मोटरसायकलची बॅटरी अनेकदा ५ ते ९ अँपिअर-तासांची असते. तिथे सॉकेट किल्लीवरच हवं, यावर माझं मत पक्कं आहे. इलेक्ट्रिक गाडीतही दिवे, कुलपं आणि संगणक १२ व्होल्टच्या वेगळ्या छोट्या बॅटरीवर चालतात. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

## टप्पा ४: काय हवं ते ठरवा

किल्लीवर ठेवा: मोबाइल चार्जर, जीपीएस, पार्किंग मोड नसलेला डॅशकॅम, इन्व्हर्टर, सीट गरम करणारी गादी. इन्व्हर्टरचा उल्लेख मुद्दाम, कारण त्याला काहीही जोडलेलं नसलं तरी तो काही शे मिलिअँपिअर खात राहतो.

कायम चालू हवंच अशी उपकरणं थोडीच आहेत: सॉकेटमधून बॅटरी मेंटेन करणारा चार्जर किंवा सोलर पॅनल, पार्किंग मोडचा डॅशकॅम, आणि गाडी थांबल्यावर तासभर चालू ठेवायचा फ्रिज. टायरमध्ये हवा भरायचा पंप कुठल्याही सॉकेटवर चालतो, पण तो बराच करंट ओढतो. इंजिन चालू ठेवून आणि मॅन्युअलमधली मर्यादा बघूनच वापरा.

सोलर पॅनल किल्लीवरच्या सॉकेटला लावणं ही नेहमीची चूक आहे. किल्ली काढल्यावर बॅटरीपर्यंतचा रस्ताच तुटलेला असतो, पॅनल कितीही उन्हात ठेवा.

सध्याचं सॉकेट आणि तुमची गरज जुळत असतील तर इथेच थांबा. पुढचं काही करायची गरज नाही.

## टप्पा ५: आधी फ्यूजची जागा बघा

काही गाड्यांत बनवणाऱ्यांनीच सोय ठेवलेली असते. जीप आणि डॉजच्या काही मॉडेलांत सॉकेटचा फ्यूज एका खाचेतून काढून शेजारच्या खाचेत बसवला की तेच सॉकेट किल्लीवरून बॅटरीवर जातं. अशी सोय असेल तर मॅन्युअलच्या फ्यूज प्रकरणात लिहिलेलं असतं. वायर न कापता काम होतं, म्हणून आधी हेच शोधा.

मॅन्युअलमध्ये उल्लेख नसेल तर रिकाम्या खाचांत फ्यूज खुपसून बघू नका. रिकामी खाच म्हणजे मोकळी वाट असं नसतं. ती वरच्या मॉडेलमधल्या एखाद्या वेगळ्याच यंत्रणेची असू शकते. रिलेच्या (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) खाचेत वायरचा तुकडा घालून सॉकेट कायम चालू करायचा प्रकारही सोडा. त्या एका रिलेवर इतर किती गोष्टी आहेत ते बाहेरून कळत नाही.

## टप्पा ६: फ्यूज टॅप (छोट्या लोडसाठी)

डॅशकॅम, जीपीएस किंवा ५ अँपिअरच्या आतलं काहीही असेल तर फ्यूज टॅप हा नीटनेटका मार्ग आहे. जुना फ्यूज काढून त्या जागी टॅप बसतो. खालच्या घरात जुना फ्यूज, वरच्या घरात नव्या उपकरणाचा.

१. फ्यूजचा आकार ओळखा. साधा, मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो असे वेगवेगळे असतात, आणि लो-प्रोफाइल व मिनी दिसायला जवळजवळ सारखे. चुकीचा टॅप जोर लावून बसवला की खाचेची पकड सैल होते. पुढे तिथे उष्णता धरते, आणि त्या खाचेची दुरुस्ती म्हणजे पूर्ण फ्यूज बॉक्सचं काम. आकाराबाबत शंका असेल तर जुना फ्यूज सोबत नेऊन टॅप घ्या.

२. कोणता फ्यूज वापरायचा ते ठरवा. किल्लीवर हवं असेल तर सॉकेटचाच, सनरूफचा किंवा गरम सीटचा. कायम हवं असेल तर आतल्या दिव्याचा. एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंग, इंजिन आणि फ्युएल पंप यांच्या फ्यूजना हात लावू नका, वीज सोयीची असली तरी. निवडलेला फ्यूजही टप्पा २ प्रमाणे तपासा, दार बंद, गाडी झोपलेली. पॅनल उघडण्यासाठी दार उघडं ठेवावं लागत असेल तर दाराचं कुलूप स्क्रू ड्रायव्हरने हाताने बंद स्थितीत ढकला, म्हणजे गाडीला दार बंद असल्यासारखं वाटेल. दार लावायच्या आधी ते पुन्हा उघडायला विसरू नका.

३. दिशा तपासा. लोक इथे सगळ्यात जास्त चुकतात. जुना फ्यूज काढा, किल्ली योग्य स्थितीत ठेवा आणि खाचेच्या दोन्ही पाकळ्यांना एकेक करून टेस्ट लॅम्प लावा. ज्या बाजूला लॅम्प लागतो ती बॅटरीकडची बाजू. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना सामाईक आहे तो याच बाजूला बसायला हवा. बहुतेक टॅपांत वायर निघते त्याच्या विरुद्ध बाजूचा पाय सामाईक असतो.

तपासणी: टॅप बसवा, खालचा जुना फ्यूज काढून ठेवा, फक्त वरचा नवा फ्यूज ठेवा. वायरला वीज आली तर दिशा बरोबर. नाही आली तर टॅप उलटा आहे. उलट्या टॅपमध्ये तुमच्या उपकरणाचा करंटही जुन्या फ्यूजमधून जातो, आणि दोघांचा भार एकट्याने ओढता ओढता तो एक दिवस उडतो. टॅप फिरवून सरळ बसवता येत नसेल तर दुसरी खाच निवडा.

४. फ्यूजचा आकडा. खालचा जुना जेवढ्याचा होता तेवढ्याचाच. वरचा उपकरणाच्या गरजेचा: डॅशकॅमला २ किंवा ३ अँपिअर पुरतात. मिनी आणि साध्या फ्यूजमध्ये लाल म्हणजे १०, निळा १५, पिवळा २०. पण रंगावर विसंबू नका, आकडा वाचा.

५. अर्थ, म्हणजे निगेटिव्ह जोड. काळी वायर रंग नसलेल्या धातूवर, गाडीच्या मूळ बोल्टखाली रिंग लग (वायरच्या टोकाला बसणारी धातूची कडी) लावून बसवा. प्लास्टिकच्या पॅनलमागचा प्रत्येक बोल्ट अर्थ नसतो. काही बोल्ट प्लास्टिकच्या खुंटीत घुसलेले असतात. उपकरण चालू असताना बॅटरीचं निगेटिव्ह आणि तुमचा बोल्ट यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टच्या आत हवं.

स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे अर्थ थेट टर्मिनलच्या खुंटीला जोडू नका. जोडलात तर तुमच्या उपकरणाचा करंट सेन्सरला दिसतच नाही आणि गाडीचा बॅटरीविषयीचा अंदाज चुकत जातो. बॉडीवरच अर्थ द्या.

६. डॅशकॅमच्या किटमध्ये सहसा तीन वायरी असतात: पिवळी कायम चालूला, लाल किल्लीवरच्याला, काळी अर्थला. पण किटसोबतचा कागद वाचा. पिवळी आणि लाल एकाच फ्यूजवर जोडली तर गाडी उभी आहे की चालू, हे कॅमेऱ्याला कळत नाही आणि पार्किंग मोड कधी लागतच नाही.

सावधान: वायर पुढच्या खांबातून वर नेताना तिथे पडदा-एअरबॅग असू शकते. वायर तिच्यावरून किंवा समोरून कधीच नेऊ नका, मागून न्या आणि मूळ वायरीच्या गठ्ठ्याला बांधा.

## टप्पा ७: रिले (मोठ्या लोडसाठी)

फ्रिज, मोठा चार्जर किंवा दुसरं सॉकेट बसवायचं असेल तर बॅटरीपासून स्वतंत्र वायर आणा, आणि ती किल्लीवर चालवायची असेल तर मध्ये रिले घाला. फ्यूज बॉक्समधून फक्त रिलेला इशारा घ्या.

बॅटरीला हात लावण्याआधी रेडिओचा कोड (वीज तुटल्यावर काही रेडिओ तो मागतात) आहे का ते बघा आणि किल्ली गाडीबाहेर ठेवा. निगेटिव्ह आधी काढा आणि जोडताना शेवटी जोडा.

चार टर्मिनलांच्या साध्या रिलेत ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी वायर, ८७ वर सॉकेटकडे जाणारी, ८६ वर किल्लीचा इशारा आणि ८५ वर अर्थ. रिलेच्या आत डायोड असेल तर ८५ आणि ८६ ची अदलाबदल चालत नाही. इशारा किल्लीवरच्या लाइनचाच घ्या. रिलेची कॉइल चालू असताना साधारण दीडशे ते दोनशे मिलिअँपिअर ओढते. ती चुकून कायम चालूवर जोडली तर डॅशकॅम नसतानाही बॅटरी उतरेल.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतराच्या आत. बोनेटखाली वायर घासून उघडी पडली तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा वाचवायला काहीच नसतं, म्हणून तो तुकडा जमेल तितका आखूड ठेवा. फ्यूजचा आकडा वायरच्या क्षमतेवर ठरतो: २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला १५ अँपिअर योग्य. १० अँपिअरच्या लोडला ४ मीटर जायला आणि ४ मीटर यायला अशी वायर धरली तर २.५ मध्ये अर्धा व्होल्ट जातो आणि १.५ मध्ये जवळजवळ एक. फ्रिजची लो-व्होल्टेज सूचना चांगल्या बॅटरीवरही वाजते ती बहुधा या बारीक वायरीमुळे.

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीतून वायर नेताना भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (वायर घासू न देणारी रबराची कडी) हवाच. पत्र्याच्या उघड्या कडेवरून नेलेली वायर आज चालेल, पण हादऱ्यांनी हळूहळू सोलली जाईल.

## टप्पा ८: कायम चालू ठेवताना कट-ऑफ

पार्किंग मोड असो की फ्रिज, मध्ये व्होल्टेज बघून वीज तोडणारी यंत्रणा असल्याशिवाय कायम चालू लाइनवर काही ठेवू नका. डॅशकॅमच्या बहुतेक किटमध्ये ती असते, फक्त पातळी निवडायची असते. पर्याय सहसा ११.८ पासून १२.४ पर्यंत मिळतात. लोक ११.८ निवडतात, कारण रेकॉर्डिंग जास्त वेळ चालतं. त्या पातळीला बॅटरी रिकामीच असते. मी १२.२ सुचवेन, आणि थंडीत किंवा जुन्या बॅटरीला १२.४. वेळेची मर्यादाही असेल तर दोन्ही लावा.

## टप्पा ९: शेवटची तपासणी

आधी चालू लोड. उपकरण पंधरा मिनिटं पूर्ण भाराने चालवा आणि प्लग, फ्यूज होल्डर आणि प्रत्येक जोड हाताने चाचपा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. सैल प्लग हे सॉकेटचं प्लास्टिक वितळण्याचं मोठं कारण आहे आणि फ्यूज तिथे वाचवत नाही, कारण करंट मर्यादेतच असतो.

मग झोपेतला करंट. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला. बोनेटचं कुलूप स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, गाडी लॉक करा. निगेटिव्ह क्लँप सैल करा, एक प्रोब क्लँपला आणि दुसरी खुंटीला घट्ट धरून मगच क्लँप उचला, म्हणजे वीज क्षणभरही तुटत नाही आणि मॉड्यूल जागे होत नाहीत. अर्धा-एक तास थांबून आकडा वाचा. उपकरणासह एकदा आणि त्याचा फ्यूज काढून एकदा. फरक म्हणजे तुमच्या उपकरणाची ओढ. टप्पा ३ च्या हिशेबात हा खरा आकडा घाला. काम झालं की क्लँप आधी पक्का बसवा, मग मीटर काढा, आणि बोनेट लावण्याआधी कुलूप उघडा.

सावधान: मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका आणि हेडलाइटही लावू नका. मीटरचा फ्यूज तत्काळ जाईल.

उपकरणाचा फ्यूज काढूनही शंभर मिलिअँपिअरच्या वर आकडा राहत असेल तर ओढ दुसरीकडे आहे. ओबीडी पोर्टमध्ये (मेकॅनिक तपासणीचा स्कॅनर लावतो त्या कनेक्टरमध्ये) लावलेला ट्रॅकर किंवा स्कॅनर आधी काढून बघा. त्या पोर्टचा १६ नंबरचा पिन कायम चालू असतो आणि तिथलं उपकरण काही गाड्यांना झोपूच देत नाही.

सगळं जमल्यावर फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा: कोणत्या खाचेत टॅप आहे, वरचा फ्यूज कितीचा, खालचा कितीचा, अर्थ कुठे दिला, आणि कट-ऑफ किती व्होल्टवर. पुढच्या वेळी ते झाकण उघडणारा मेकॅनिक तुमची वायर अनोळखी म्हणून कापून टाकणार नाही.